सकाळचा खराटा, रात्रीचं कीर्तन

२०२५ मध्ये, २५ सप्टेंबरला, 'एक दिन, एक घंटा, एक साथ' हे देशभरातलं स्वच्छतेचं श्रमदान पार पडलं. झाडू हातात घेतलेल्यांचे फोटो आपण सगळ्यांनी पाहिले. गांधी जयंतीला स्वच्छतेचा पंधरवडा संपतो. मला प्रश्न पडतो तो ३ ऑक्टोबरचा.

सातारा आणि सांगली जिल्हे या कामात नवखे नाहीत. स्वच्छ सर्वेक्षणात एक लाखाच्या आतल्या शहरांमध्ये २०२० साली कराड देशात पहिलं आलं, २०२१ ला विटा आणि २०२२ ला पाचगणी. २०२५ च्या जुलैत विटा आणि पाचगणी त्याच सर्वेक्षणाच्या 'सुपर स्वच्छ लीग'मध्येही आली. विट्याचं मला विशेष अप्रूप आहे. खानापूर-आटपाडीकडचे गलाई कारागीर देशभर पसरलेत, आणि सोनाराच्या दुकानातला केर गोळा करून त्यातून सोन्याचा कण काढणं हा त्यांच्या धंद्याचाच भाग. केरात काय दडलंय ते बघायची नजर या मातीला जुनी आहे.

आता रस्त्यावरचा केर बघा. बाटली, पत्रा, पुठ्ठा भंगारात विकला जातो, म्हणून तो कुणीतरी आधीच उचलून नेतो. मोहिमेतल्या माणसाच्या हाती उरतं ते कुणालाच नको असलेलं: वेफर्सची चकचकीत पाकिटं, शॅम्पूच्या पुड्या. प्लास्टिक आणि अॅल्युमिनियमचे थर एकमेकांना इतके घट्ट चिकटलेले असतात की ते सोडवणं कुणाला परवडत नाही. शिवाय गुटख्याच्या पुड्या. राज्यात गुटख्याला २०१२ पासून बंदी आहे. म्हणजे पोत्यात जमा होतो तो नुसता कचरा नसतो, पुरावाही असतो. तो न वाचताच आपण पोत्याचं तोंड बांधतो.

इथे गाडगेबाबांकडे वळायलाच हवं, आणि फोटोला हार घालण्यासाठी नव्हे. बाबांचा खराटा सगळ्यांना आठवतो, पण त्यांच्या दिवसाचा दुसरा अर्धा भाग आपण सोडून दिला. ते गावात शिरत आणि कुणाला न सांगता झाडायला लागत. म्हातारा माणूस आपलं अंगण-वाट झाडतोय हे बघून गाव ओशाळायचं, हातभार लावायचं. मग रात्री कीर्तन. त्या कीर्तनात बाबा प्रश्न टाकत आणि उत्तर समोरच्याच्याच तोंडून काढून घेत. कर्ज काढून सण का करता? देवापुढे बकरं का कापता? पोराला शाळेत का घालत नाही? दिवसभर ज्याने आपली घाण काढली, त्याने विचारलेला प्रश्न टाळता येत नाही. झाडण्यामुळे बाबांना विचारण्याचा अधिकार मिळत होता. कर्मवीर भाऊराव पाटलांनी हे ओळखलं होतं. कराडला १९५४ मध्ये कॉलेज काढलं तेव्हा बाबा हयात होते, तरी त्याला नाव बाबांचंच दिलं.

पुढे २००० साली तासगाव तालुक्यातल्या अंजनीच्या आर. आर. पाटील आबांनी, ग्रामविकास मंत्री असताना, बाबांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियान सुरू केलं. त्यात बक्षीस होतं, चुरस होती. मला त्यातलं मोलाचं वाटतं ते हे की नंबर काढायचा तर अख्ख्या गावाला एकत्र बसून बोलावं लागे. संडास कुणाकडे नाही, सांडपाणी कुणाच्या दारात जातं, हे चारचौघांत निघे.

श्रमदान इथल्या हाडात आहे. कोरेगाव तालुक्यातल्या वेळूने पाणी अडवण्याच्या स्पर्धेतला २०१६ चा वॉटर कप जिंकला, माणमधल्या टाकेवाडीने २०१८ चा. पण बांध एकदा घातला की पुढच्या पावसात पाणी अडवून दाखवतो. उचललेल्या कचऱ्याच्या जागी मात्र दुसऱ्या दिवशी नवा कचरा येऊन पडतो. म्हणून सांगलीतल्या निर्धार फाउंडेशनच्या तरुणांचं मला मनापासून कौतुक वाटतं. २०१८ पासून ते नेमाने, दररोज शहर झाडतात. रोज त्याच रस्त्यावर दिसणाऱ्या माणसाशी लोक बोलायला लागतात. वर्षातून एकदा येणाऱ्या पाहुण्याशी कोण बोलणार?

पण जागा बघूनच झाडू उचलावा. कास पठारावर सप्टेंबरात फुलांचा हंगाम असतो. तिथे तर झाडूही जपून चालवावा लागतो. जांभ्यावर मातीचा थर इतका पातळ की पाकीट उचलायला गेलेलं पाऊल फुलंच तुडवायचं. तिथलं काम आसपासच्या गावांच्या समित्या सांभाळतात. बाहेरून हौसेने जाणाऱ्या मंडळांनी आधी त्यांना विचारावं.

माझं मागणं एवढंच. २ ऑक्टोबरला सकाळी जो तास द्याल, त्याला संध्याकाळचा एक तास जोडा. ज्या कोपऱ्यावरचा ढीग उचलला, तिथेच सतरंजी टाका. नगरसेवक नको, हार-तुरे नकोत. गल्लीतली माणसं, दुकानदार आणि घंटागाडीवरचे कामगार बसू देत. सकाळचं पोतं मध्ये ओता. पुड्या कुठल्या दुकानातल्या ते दुकानदारांसमोरच निघेल. मग पहिला प्रश्न विचारा: आपल्या गल्लीत घंटागाडी किती वाजता येते, आणि त्या वेळी घरात कोण असतं?