चाकाची खुर्ची, बॅटरीची स्कूटर आणि बोटीचा प्रवास

आजचा विषय ऐकून काहीजणी म्हणतील, आपल्या दुष्काळी नगर जिल्ह्यात बोटीचं काय काम? आपल्याकडं ‘क्रूझ’ म्हटलं की जत्रेला जाणारी क्रूझर जीपच डोळ्यांपुढं येते. पण आता बचत गटांच्या सहली निघतात. शिर्डी, शिंगणापूर झालं, भंडारदरा झालं, आता बायका म्हणतात समुद्र बघू, बोटीत बसू. सहलीची यादी करायला बसलं की एक नाव मात्र हळूच गळतं. ज्या ताई चाकाच्या खुर्चीवर असतात, तीनचाकीवर असतात, किंवा ज्या आजींना लांब चालवत नाही, त्यांचं नाव. ‘त्यांना उगा त्रास नको’ असं म्हणून आपणच ठरवून टाकतो. बचत मात्र त्या सगळ्यांएवढीच भरतात.

म्हणून आज आपण नीट समजून घेऊ, की चालता न येणाऱ्या सखीला तिच्या खुर्चीसकट बोटीवर कसं नेता येतं.

आधी गाडी ओळखा

सगळ्या गाड्या सारख्या नसतात आणि बोटीवरचे नियम गाडीप्रमाणं बदलतात. पहिली घडीची चाकाची खुर्ची. तिचं वजन साधारण १५ ते २० किलो, दोघी मिळून उचलतात. दुसरी हातानं पायडल मारायची तीनचाकी सायकल. ती घडी होत नाही. तिसरी बॅटरीवर चालणारी तीनचाकी, जी सरकारी शिबिरांत कानपूरच्या ‘अलिम्को’ या सरकारी कारखान्यातून येते. चौथी शहरात दिसते ती मोबिलिटी स्कूटर, म्हणजे पुढं हँडल, मधे खुर्ची आणि खाली बॅटरी. आणि पाचवी आपल्याकडं गावोगाव दिसणारी, दोन्ही बाजूंना जादा चाकं लावलेली पेट्रोलची स्कूटी. बोटवाल्याच्या दृष्टीनं ही पाचवी गाडी म्हणजे वाहन. तिला वाहनाचं तिकीट लागतं आणि ती वाहनांच्या जागीच उभी राहते.

घरी टेप घेऊन खुर्चीची रुंदी, लांबी आणि उंची मोजा. वजन विचारा. बॅटरीवर काय लिहिलंय त्याचा मोबाईलवर फोटो काढा. पाणी घालायची ॲसिडची बॅटरी, बंद जेलची बॅटरी आणि लिथियमची बॅटरी असे तीन प्रकार असतात. ॲसिडची बॅटरी कलंडली तर सांडते, लिथियमची खराब झाली तर पेट घेऊ शकते. म्हणून मोठ्या जहाजावर आणि विमानात बॅटरीचा प्रकार आधी विचारतात. हा कागद तयार असला की अर्धं काम झालं.

मुंबईहून कोणत्या बोटी

कोकणात बोटीनं जाणं नवीन नाही. रस्ते आणि रेल्वे नव्हती तेव्हा मुंबईहून कोकणच्या बंदरांत आणि गोव्याला आगबोटी जात. अलीकडं २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये मुंबई ते गोवा ‘आंग्रिया’ नावाचं जहाज सुरू झालं होतं. कान्होजी आंग्रे यांच्या आडनावावरून त्याला नाव दिलं होतं. सप्टेंबर २०२१ पासून कॉर्डेलिया कंपनीचं ‘एम्प्रेस’ हे मोठं क्रूझ जहाज मुंबईहून गोवा, लक्षद्वीपकडं फेऱ्या करू लागलं. हे जहाज १९९० साली बांधलेलं. त्यावर खोल्या, जेवणघर, लिफ्ट सगळं असतं.

आपल्या खिशाला परवडणारी बोट वेगळी. मार्च २०२० पासून मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून अलिबागजवळच्या मांडव्याला रो-रो बोट जाते. रो-रो म्हणजे चाकावर चढायचं आणि चाकावर उतरायचं. बोटीचं तोंड रुंद उघडतं, त्याचाच उतार होतो आणि मोटारी, मोटरसायकली, मिनीबस सरळ आत जातात. समुद्रातला प्रवास सुमारे एक तासाचा. चाकाच्या खुर्चीला यापेक्षा सोपी वाट नाही, कारण जिथून मोटार चढते तिथून खुर्चीही चढते.

गेटवे ऑफ इंडियावरून सुटणाऱ्या लाँचची गोष्ट निराळी. तिथं दगडी पायऱ्या उतरून हलत्या लाँचमध्ये पाय टाकावा लागतो. भरती-ओहोटीला मुंबईच्या बंदरात पाणी काही मीटर वर-खाली होतं, त्यामुळं सकाळी जी लाँच पायरीला लागलेली दिसते ती दुपारी खोल गेलेली असते. घारापुरीला उतरल्यावर धक्क्यापासून छोटी आगगाडी आहे, पण लेण्यांपर्यंत शंभराहून जास्त पायऱ्या आहेत. तिथं डोलीवाले खुर्चीत बसवून वर नेतात. जाता येतंच नाही असं नाही, पण पहिल्याच खेपेला तो मार्ग घेऊ नये.

मोठ्या जहाजावर स्कूटर नेताना

कुणाची लेक-जावई क्रूझची तिकिटं काढत असतील आणि आजींची स्कूटर न्यायची असेल, तर तिकीट काढतानाच सांगावं लागतं. धक्क्यावर गेल्यावर सांगून भागत नाही. याची कारणं सरळ आहेत. खुर्ची आत वळेल अशा, रुंद दाराच्या आणि संडासात आधाराचे दांडे असलेल्या खोल्या जहाजावर मोजक्याच असतात आणि त्या लवकर भरतात. साध्या खोलीचं दार अरुंद असतं, आणि संडासाला उंबरा असतो. स्कूटर रात्री खोलीतच ठेवावी आणि तिथंच चार्ज करावी लागते. बाहेरच्या बोळात ठेवू देत नाहीत, कारण आग लागली किंवा जहाज रिकामं करायची वेळ आली तर त्याच बोळातून शेकडो माणसं धावतात. अंधारात एक स्कूटर आडवी आली तरी जीव जाऊ शकतो.

दुसरी गोष्ट उतरण्याची. गोव्याच्या मुरगाव बंदरात जहाज धक्क्याला लागतं, म्हणजे उतारावरून खाली येता येतं. लक्षद्वीपला मात्र बेटाभोवती प्रवाळ आणि उथळ पाणी आहे. मोठं जहाज लांब उभं राहतं आणि माणसं छोट्या बोटीतून किनाऱ्यावर जातात. त्या छोट्या बोटीत जड स्कूटर घेत नाहीत. म्हणून विचारायचा प्रश्न एकच: ‘प्रत्येक ठिकाणी जहाज धक्क्याला लागणार, की छोट्या बोटीनं जावं लागणार?’ उत्तर छोटी बोट असं आलं, तर सोबत घडीची हलकी खुर्चीही ठेवावी.

नगरहून धक्क्यापर्यंत

खरी परीक्षा पाण्यात नसते, रस्त्यावर असते. आपल्या लाल गाडीच्या पायऱ्या उंच आणि दार अरुंद. घडीची खुर्ची जाते, बॅटरीची तीनचाकी जात नाही. दिव्यांग व्यक्तीला एसटीच्या साध्या गाडीत ७५ टक्के सवलत आहे. अपंगत्व ६५ टक्क्यांहून जास्त असेल तर सोबतच्या माणसालाही ५० टक्के सवलत मिळते. बायकांना तर १७ मार्च २०२३ पासून निम्मं तिकीट आहेच.

रेल्वेनं जायचं असेल तर गाडीच्या टोकाला दिव्यांगांसाठी वेगळा डबा असतो. त्याचं दार आणि संडास रुंद असतात. जिला सोबतीशिवाय प्रवास करता येत नाही तिला आणि तिच्या सोबतिणीला स्लीपरच्या तिकिटात ७५ टक्के सवलत आहे. त्यासाठी सरकारी डॉक्टरांचं रेल्वेच्या नमुन्यातलं प्रमाणपत्र लागतं. १३९ या नंबरवर चौकशी करता येते.

गटानं गाडी ठरवली तर आणखी सोपं. टेम्पो ट्रॅव्हलर घेतली की खुर्ची मागं ठेवता येते आणि तीच गाडी रो-रोवर चढते. मात्र जहाजावर गाडीतच बसून राहू देतात का, वरच्या मजल्यावर जायला लिफ्ट चालू आहे का, त्या दिवशी फेरी आहे का, हे तिकिटाच्या वेळी फोनवर विचारून घ्यावं. पावसाळ्यात गेटवेहून मांडव्याला जाणाऱ्या लाँच बंद असतात. रो-रो चालते, पण समुद्र खवळला की तिच्याही फेऱ्या रद्द होतात.

हात लावायच्या आधी विचारा

आता सोबत जाणाऱ्या सगळ्यांनी शिकायच्या गोष्टी. पहिली, खुर्चीला हात लावायच्या आधी त्या ताईंना विचारा. कुठं धरायचं, कसं उचलायचं हे त्यांना आपल्यापेक्षा जास्त माहीत असतं. खुर्ची उचलताना हाताचा किंवा पायाचा दांडा धरू नका, तो निसटून हातात येतो. लोखंडी सांगाडा धरा. तीव्र उतारावरून उतरताना खुर्ची उलटी फिरवून, ताईंची पाठ उताराकडं करून, मागं-मागं उतरवा. सरळ उतरवली तर माणूस पुढं कलंडतो. बॅटरीची गाडी उचलायच्या आधी किल्ली काढा.

बोटीत बसल्यावर दोन्ही ब्रेक लावा. जमत असेल तर बोटीच्या पक्क्या बाकावर बसवा. लाइफ जॅकेट बोट सुटायच्या आधी घाला आणि खुर्चीचा पट्टा मात्र बोट चालू असताना सोडून ठेवा. लोखंडी खुर्ची बुडते, जॅकेट घातलेलं माणूस तरंगतं, म्हणून माणूस खुर्चीला बांधलेलं नसावं. १८ डिसेंबर २०२४ रोजी घारापुरीला निघालेल्या ‘नीलकमल’ बोटीला नौदलाच्या वेगवान बोटीची धडक बसली आणि माणसं गेली. जॅकेट मागायला लाजू नका. दिलं नाही तर बोटीत चढू नका.

पोट ढवळतं त्यांनी बोटीच्या मध्यभागी बसावं आणि लांब क्षितिजाकडं बघावं. समुद्राचं खारं पाणी उडालं असेल तर परत आल्यावर खुर्ची गोड्या पाण्याच्या ओल्या फडक्यानं पुसून कोरडी करा, नाहीतर आठवड्यात गंज धरतो.

संडासाचा प्रश्न

यावर कुणी मोठ्यानं बोलत नाही, म्हणून आम्ही रेडिओवर बोलतो. प्रवासात संडासाची सोय होणार नाही या भीतीनं चालता न येणाऱ्या बायका आदल्या रात्रीपासून पाणी पीत नाहीत. त्यानं लघवीला जळजळ होते, ताप येतो, आणि घरचे म्हणतात, ‘बघा, प्रवास झेपला नाही.’ झेपला नाही तो कोरडा घसा. म्हणून निघायच्या आधी रस्त्यात कुठं थांबायचं ते ठरवा. पेट्रोल पंप किंवा हॉटेलला फोन करून, पायऱ्या नसलेला कमोडचा संडास आहे का विचारा. एक घडीची कमोड खुर्ची आणि आडोशाला दोन साड्या सोबत ठेवा. ज्यांच्या कंबरेखाली संवेदना नाही, त्यांना दर अर्ध्या तासानं जागेवर थोडं उचलून बसवा, नाहीतर बसून-बसून जखमा होतात आणि त्या महिनोन् महिने भरत नाहीत.

हक्क आणि पैसा

दिव्यांग हक्क कायदा २०१६ चा आहे. त्यात २१ प्रकारची अपंगत्वं धरली आहेत. बसस्थानक, रेल्वे स्टेशन, तिकीट खिडकी, संडास या सगळ्या जागा दिव्यांगांना वापरता येतील अशा करायच्या, असं कायदा सांगतो. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयानंही सांगितलं, की या सोयींचे नियम बंधनकारक असले पाहिजेत, नुसत्या शिफारशी चालणार नाहीत. तेव्हा उतार मागणं म्हणजे मेहेरबानी मागणं नव्हे. चांगल्या उताराचं माप लक्षात ठेवा: एक फूट चढायला बारा फूट लांबी. आपल्या ग्रामपंचायतीचा, शाळेचा, आरोग्य उपकेंद्राचा उतार या मापानं तपासून बघा.

कागदपत्रांत सर्वांत महत्त्वाचं ‘यूडीआयडी’ कार्ड. त्यासाठी ऑनलाइन अर्ज करायचा आणि तपासणी सरकारी दवाखान्यात होते. साठीच्या पुढच्या गरीब आजी-आजोबांसाठी २०१७ पासून वयोश्री योजना आहे, त्यात काठी, वॉकर, चाकाची खुर्ची मिळते. ग्रामपंचायतीनं आपल्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. तो पैसा कशावर गेला, हे ग्रामसभेत विचारा. दाद लागली नाही तर पुण्याला दिव्यांग कल्याण आयुक्तांचं कार्यालय आहे.

सहलीसाठी गटाचं कर्ज काढू नका. १५ जणींनी महिन्याला १०० रुपये वेगळे टाकले तर वर्षात १८ हजार होतात. गाडीभाड्याचा मोठा भार त्यातच निघतो. खुर्चीमुळं जो जादा खर्च येईल तो सगळ्यांत वाटून घ्या, तिच्या एकटीच्या नावावर टाकू नका.

पहिली सहल लांबची नको. एखाद्या सकाळी शिर्डीला जाऊन या. चढणं, उतरणं, संडास, गर्दी, सगळ्याची तालीम होते आणि आपल्याला काय जमत नाही तेही कळतं. मग समुद्राचं ठरवा.

पुढच्या महिन्याच्या बैठकीत एवढंच करा. सहलीचा विषय निघाला की पहिल्यांदा त्या ताईंना विचारा, ‘तुम्हाला यायचंय का, आणि यायचं तर काय-काय लागेल?’ त्या ‘नाही’ म्हणाल्या तर तो त्यांचा निर्णय. ‘हो’ म्हणाल्या तर टेप आणा, खुर्ची मोजा आणि इतिवृत्तात लिहून ठेवा. सहलीची तारीख त्यानंतर ठरवा.