वाळवीनं सोडलेलं लाकूड

पोट्टेहो, वाळवी काय काय खाते, सांगा बरं. दाराची चौकट खाते, वह्या खाते, शेतातल्या वाळक्या पऱ्हाट्या खाते. धाकटा म्हणतो, "आबाजी, तुमचा सातबाराही खाल्ला तिनं." खाल्ला तर खाल्ला, त्याची नक्कल मिळते. आता दुसरा प्रश्न. वाळवी काय खात नाही?

सागाचा गाभा खात नाही. सागाचं ओंडकं आडवं कापलं की बाहेर फिकट कडं दिसतं आणि आत सोनेरी तपकिरी लाकूड. बाहेरचं कडं वाळवी आवडीनं खाते, आतल्या गाभ्यापाशी मात्र अडते. झाड वाढताना आतलं लाकूड पाणी वाहण्याचं काम सोडून देतं आणि त्या जागी तेलं, राळ, नाना रसायनं भरून ठेवतं. त्यातलं एक टेक्टोक्विनोन. ते वाळवीला सोसत नाही. गाभ्यातल्या तेलामुळं पाणीही लवकर मुरत नाही. आपल्या अंगावर औषध फवारायला झाड कोणाला बोलावत नाही, बाप्पा! वाळवीची तऱ्हाही न्यारीच. लाकूड तिला एकटीला पचतच नाही, पोटातले सूक्ष्मजीव मदतीला लागतात. वारूळवाल्या कितीक जाती तर वारुळात बुरशीची शेती करतात.

हे सगळं रसायन कोणी शिकवायच्या आधीच ज्यांना ठाऊक होतं, त्यांची गोष्ट सांगतो. आपल्या कारंजाहून अमरावती, मग परतवाडा, मग घाट चढला की मेळघाट. धारणी आणि चिखलदरा हे दोन तालुके. तिथं कोरकू लोक राहतात. त्यांची बोली मराठीच्या घराण्यातली नाही, हिंदीच्याही नाही. तिचे सगेसोयरे पार झारखंडात, संथाळी आणि मुंडारी. त्या घराण्यातली सगळ्यात पश्चिमेला राहिलेली बोली हीच.

कोरकूंच्या घरी माणूस गेलं की त्याच्या नावानं लाकडाचा खांब किंवा फळी कोरतात. तिला मुंडा म्हणतात. लाकूड बहुतेक सागाचं. वर सूर्य आणि चंद्र, खाली घोड्यावर बसलेला माणूस. घरात घोडा असो नसो, गेलेला माणूस मुंड्यावर घोड्यावरूनच जातो. मला हे फार आवडतं. हा मुंडा गावाजवळच्या ठरलेल्या झाडाखाली, आधीच्या मुंड्यांच्या शेजारी ठेवतात. त्या विधीला सिडोली म्हणतात. त्यात गावजेवण आलं, खर्च आला, म्हणून माणूस गेल्यावर लगेच होतेच असं नाही. पैसा जमेपर्यंत वर्षं जातात, कधी दोनचार घरं मिळून उरकतात. तोवर मेलेला माणूस अर्ध्या वाटेवर थांबलेला असतो अशी समजूत. आता विचार करा, उघड्यावर, मेळघाटच्या पावसात, वाळवीच्या मुलखात ते लाकूड उभं राहायचं. सागाच्या गाभ्यावाचून दुसरं कोणतं चाललं असतं?

आपल्या गावातही काष्ठासंघ मंदिरातलं लाकडावरचं कोरीव काम पाहिलंय ना तुम्ही? पण त्याला डोक्यावर छप्पर आहे. मुंड्याला नाही.

"आणि जिथं झाडच नाही तिथं?" हे मोठीनं बरोबर विचारलं.

पृथ्वीच्या माथ्याजवळ, कॅनडाच्या उत्तरेला इनुइट लोक राहतात. जमीन गोठलेली, झाड औषधालाही नाही. लाकूड मिळालंच तर दूरच्या नद्यांनी समुद्रात लोटलेलं, लाटांनी किनाऱ्याला टाकलेलं. मग कोरायचं कशावर? वॉलरसच्या सुळ्यावर, कॅरिबू हरणाच्या शिंगावर, हाडावर आणि एका मऊ दगडावर. तो दगड म्हणजे शंखजिऱ्याचा भाऊबंद. शंखजिरं म्हणजे तुमच्या पावडरच्या डब्यात जे असतं तेच. त्याचे थर पत्त्यांच्या कॅटासारखे एकमेकांवरून घसरतात, म्हणून तो नखानंही ओरखडतो. पण तापवला तर तडकत नाही आणि ऊब धरून ठेवतो. त्याचाच ते दिवा करत. त्यात सीलची चरबी जाळायची, वात शेवाळ्याची आणि तिथल्या एका गवताच्या बोंडांची. कापूस नाही, पण कापसासारखं बोंड तिथंही दिव्याच्या कामाला आलं, बघा!

पूर्वीच्या इनुइटांच्या कोरीव वस्तू तळहातात मावतील एवढ्या. शिकारीमागं मुक्काम हलायचा, ओझं कोण वाहणार? कितीक मूर्तींना बूडच सपाट नसे, कारण त्या ठेवायच्या नव्हत्याच, हातात फिरवायच्या किंवा अंगावर बांधायच्या. वाळवीची भीती तिथं नाही. गोठलेल्या जमिनीत कुजवणारे जंतूच सुस्त पडतात, म्हणून इनुइटांच्याही आधी तिथं राहणाऱ्या लोकांनी दीडदोन हजार वर्षांपूर्वी सुळ्यातून कोरलेली इवली अस्वलं तशीच सापडतात.

मग 1948 साली जेम्स ह्यूस्टन नावाचा चित्रकार तिकडं गेला. त्यानं आणलेल्या मूर्ती पुढल्याच वर्षी माँट्रियलला विकल्या गेल्या. गिऱ्हाइकाला कपाटात ठेवायला हव्या होत्या, तशा मूर्ती जड झाल्या, बुडाशी सपाट झाल्या. बाफिन बेटाजवळच्या केप डॉर्सेट गावात दगडावरून कागदावर छापाची चित्रंही सुरू झाली. तिथल्या केनोजुआक अशेवाक बाईंनी 1960 साली काढलेलं घुबड कॅनडानं 1970 मध्ये टपाल तिकिटावर छापलं. आपल्याकडं डहाणूच्या गंजाडचे जिव्या सोमा मशे तांदळाच्या पिठानं काढायची वारली चित्रं भिंतीवरून कागदावर घेऊन आले, त्यांना 2011 साली पद्मश्री मिळाली, तीही अशीच वाट. मुंडा मात्र बाजारासाठी नव्हताच. गेलेल्या माणसाची फळी कोण विकणार?

"आबाजी, मग कोरकूंनी दगडावरच का नाही कोरलं? दगडाला तर वाळवी लागतच नाही."

शाब्बास! मेळघाटचा दगड म्हणजे आपल्यासारखाच काळा कातळ, लाव्ह्याचा. तो नखाला दाद देत नाही, साध्या सुरीलाही सहज देत नाही. त्याला पोलादी छिन्नी हवी, पाथरवट हवा, आणि पाथरवटाला मजुरी हवी. सागासाठी मात्र घरातली कुऱ्हाड आणि वाकस पुरे. उद्या सागाचं कोवळं पान तळहातावर चोळून बघा, हात लालभडक होतो. शाळेत जायच्या आधी चोळू नका, गुरुजी मला बोलावतील.