पवनेचा कटला, सातपाटीचे पापलेट

तिकोणा पेठेतून खाली पवना धरणाच्या पाण्याकडे उतरले, की पहाटे जाळ्यातून सोडवलेला कटला पाहायला मिळतो. डोके अंगाच्या मानाने थोराड, खवले नखाएवढे, कल्ले अजून हलत असलेले. त्याच दिवशी बाजारात बोरघाट चढून आलेले, बर्फात घातलेले पापलेटही दिसते. गिऱ्हाइकाला दोन्ही मासेच. जागतिक व्यापार संघटनेच्या कायद्यात मात्र पापलेट आत आहे आणि कटला बाहेर.

हा कायदा म्हणजे मासेमारी अनुदानांचा करार. दोह्यात 2001 मध्ये चर्चेला तोंड फुटले, 17 जून 2022 रोजी जिनिव्हात मजकूर मंजूर झाला आणि दोन तृतीयांश सदस्य देशांनी स्वीकारल्यावर 15 सप्टेंबर 2025 पासून तो लागू झाला. त्या देशांत भारत नव्हता. करार फक्त समुद्रातल्या नैसर्गिक मासळीच्या पकडीपुरता आहे. मत्स्यशेती आणि गोड्या पाण्यातली मासेमारी त्यातून वगळली आहे. त्यामुळे धरणात सोडायच्या बोटुकलीवर सरकारने किती खर्च केला, हे या कराराखाली जिनिव्हात कोणी विचारणार नाही.

अनुदानाने समुद्र रिकामा होतो कसा, हे डिझेलच्या हिशेबातून कळते. मासळी घटली की एका फेरीत डिझेल, बर्फ आणि खलाशांची मजुरी भागत नाही. बोटी धक्क्याला बांधून राहतात, समुद्राला उसंत मिळते. पण डिझेलचा भार सरकारने उचलला, की तोट्यातली फेरीही परवडते आणि बोट उरलासुरला थवा शोधत आणखी लांब जाते. 2018 सालच्या एका जागतिक अंदाजानुसार वर्षाला सुमारे 35 अब्ज डॉलर सरकारी पैसा मासेमारीत जात होता. त्यातले 22 अब्ज मासेमारीची ताकद वाढवण्यात.

लागू झालेला करार या पैशाला थेट हात घालत नाही. बेकायदा मासेमारी, आधीच ओरबाडलेले साठे आणि कोणाचाच अंकुश नसलेला खुला समुद्र, एवढ्यांसाठीच्या अनुदानांनाच त्याने अटकाव केला. ताकद वाढवणाऱ्या अनुदानांचे उरलेले भांडण फेब्रुवारी 2024 मध्ये अबू धाबीत सुरू झालेल्या संघटनेच्या परिषदेतही मिटले नाही. भारताचे म्हणणे असे, की दूरच्या समुद्रात ताफे पाठवणाऱ्या देशांनी आधी हात आखडावा आणि आम्हाला 25 वर्षांची मुदत द्यावी. मला ते न्याय्य वाटते. होडीवर घर चालवणाऱ्या कोळ्याला आणि महासागर उपसणाऱ्या ताफ्याला एकच माप लावता येत नाही.

मग हेच माप घरीही लावायला हवे. आपल्याकडे मच्छीमाराला डिझेलवरचा कर परत मिळतो. किनाऱ्यावर त्याला ‘डिझेल परतावा’ म्हणतात आणि तो थकला की संस्थांच्या बैठका तापतात. हा परतावा लिटरमागे असतो. म्हणजे मोठ्या इंजिनाला जास्त, लहानाला कमी, वल्ह्याच्या होडीला काहीच नाही. मुदत लहान कोळ्याच्या नावाने मागायची आणि पैसा इंजिनाच्या भुकेप्रमाणे वाटायचा, हे मला पटत नाही. परतावा बंद करा असे मी म्हणत नाही. लहान बोटीला भरपूर द्या, मोठीला कमी करा.

22 एप्रिल 2025 रोजी राज्य मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला कृषीचा दर्जा दिला. कर्ज आणि विजेच्या सवलतींसाठी तो मोलाचा आहे. पण व्यापार संघटनेच्या शेती करारातून मासळी मुळातच वगळलेली आहे. त्यामुळे मुंबईतल्या या दर्जाने जिनिव्हात काही बदलत नाही.

करारातच एक घड्याळ लावून ठेवले आहे. लागू झाल्यापासून चार वर्षांत, म्हणजे सप्टेंबर 2029 पर्यंत, ताकद वाढवणाऱ्या अनुदानांचे नियम ठरले नाहीत, तर सदस्यांनी वेगळा निर्णय घेतल्याखेरीज तो संपुष्टात येईल.

सातपाटी ज्यासाठी ओळखली जाते त्या पापलेटला सप्टेंबर 2023 मध्ये राज्य मासा घोषित केले गेले. परवा बाजारात मी बर्फ बाजूला सारून पाहिले. माझ्या तळहातात मावतील अशी सहा पिल्ले खाली होती.