हात बसलेल्यांची शाळा

सर्जरीचे सर खुर्चीच्या हाताला दोरा बांधून गाठ मारून दाखवताहेत. समोर विद्यार्थी म्हणून बसलेत ॲनाटॉमीच्या मॅडम, फार्माकॉलॉजीचे सर आणि सामाजिक वैद्यकशास्त्राचा एक तरुण लेक्चरर. बोटं भराभर फिरतात, गाठ पडते. "कळलं?" सर विचारतात.

"गाठ पडली एवढं कळलं," मॅडम म्हणतात, "कशी पडली ते नाही." सगळे हसतात, सरही.

मुंबईत परळच्या मेडिकल कॉलेजातल्या या तासाला मायक्रोटीचिंग म्हणतात. शिकवायचं जेमतेम पाच-सात मिनिटं, वर्ग सहकाऱ्यांचा, आणि प्रत्येकाच्या हातात चेकलिस्ट: सुरुवात पकड घेणारी होती का, प्रश्न विचारले का, शेवटी गोषवारा आला का. चर्चेत आधी शिकवणाऱ्यानेच काय जमलं ते सांगायचं, मग इतरांनी. त्यानंतर तोच भाग पुन्हा शिकवायचा.

दुसऱ्या फेरीत सर समोर न बसता मॅडमच्या शेजारी बसतात. समोरून डावं-उजवं उलट दिसतं, हे फार्माकॉलॉजीच्या सरांनी टिपलं होतं. दोराही आता दोन रंगांचा आहे. आधी एकदा न बोलता, नेहमीच्या वेगात. मग थांबत थांबत, एकेक पायरी सांगत. तिसऱ्यांदा बोलायचं मॅडमनी आणि सरांनी फक्त ऐकून तसं करायचं. मॅडम सांगतात, "ओढा." सर दोन्ही टोकं एकाच बाजूला ओढतात, गाठ सपाट न बसता सरकते. टोकं परस्परविरुद्ध दिशांना ओढायची, हे मॅडम बोलल्या नाहीत, कारण सरांनीही ते सांगितलं नव्हतं. चौथ्यांदा गाठ मॅडम स्वतः मारतात. ही चार पायऱ्यांची रीत पेटन यांच्या नावाने ओळखली जाते.

एकदा हात बसला की माणसाला स्वतःच्या पायऱ्या दिसेनाशा होतात. विद्यार्थी त्या विचारत नाही. कारण परीक्षा सरांच्याच हातात असते. "नाही कळलं" असं तोंडावर सांगायला बरोबरीचा माणूसच लागतो, शक्यतो दुसऱ्या विषयाचा.

परळमध्ये या विचाराला संस्थेचं रूपही मिळालं आहे. केईएम रुग्णालयाला जोडलेलं सेठ जी. एस. मेडिकल कॉलेज 1926 साली सुरू झालं. तिथेच 2005 मध्ये फिलाडेल्फियाच्या फायमर या वैद्यकीय शिक्षणविषयक संस्थेचं भारतातलं पहिलं प्रादेशिक केंद्र आलं. पाठोपाठ लुधियाना आणि कोइम्बतूरला केंद्रं निघाली. या केंद्रांच्या दोन वर्षांच्या फेलोशिपमध्ये वेगवेगळ्या कॉलेजांतले प्राध्यापक आपापल्या वर्गातला एखादा प्रश्न प्रकल्प म्हणून घेऊन येतात. पुढची तुकडी मागच्या तुकडीला हात देते, आणि प्रकल्पाची चिरफाड सहकारीच करतात.

2019 पासून एमबीबीएसचा अभ्यासक्रम क्षमताधारित झाला. विद्यार्थ्याला काय येतं, ते आता करून दाखवावं लागतं. मात्र एमडी, एमएस झालेल्या डॉक्टरला शिकवायचं कसं, हे त्या पदवीत फारसं कोणी शिकवलेलं नसतं. म्हणून वैद्यकीय शिक्षणाचा मूलभूत कोर्स शिक्षकांना सक्तीचा झाला.

पण कोर्स संपतो, ओपीडीची रांग संपत नाही. बढतीच्या वेळी शोधनिबंध मोजले जातात. सहकाऱ्याच्या तासाला मागच्या बाकावर बसून घेतलेल्या नोंदी कोणी मोजत नाही. त्या मोजल्या गेल्या, तर ही शाळा कार्यशाळेबाहेरही भरेल.