खाणीतून आलेलें ग्राफिक्स कार्ड

संगणकाच्या पडद्यावर चित्र उमटविणारें ग्राफिक्स कार्ड एकाच वेळीं हजारों लहान हिशेब करूं शकतें. या सामर्थ्यामुळेंच ईथेरियम या आभासी चलनाच्या ‘खाणकामा’स तें वर्षानुवर्षें जुंपलें गेलें. १५ सप्टेंबर २०२२ रोजीं ईथेरियमची व्यवस्था बदलली, तें खाणकाम थांबलें आणि असलीं कार्डें जुन्या बाजारांत आलीं. नवें कार्ड न परवडणाऱ्या घरानें तीं घ्यावींत काय?

त्यांचा सरसकट अव्हेर करण्याचें कारण नाहीं. जाणते खाणवाले विजेचा खर्च वांचविण्यासाठीं चिपचा वीजदाब कमी ठेवीत. उष्णताही एकसारखी राही. त्यामुळें तापण्यानिवण्याचा ताण चिपला कमी पडे. झिजतात ते पंखे. वाळतो तो चिपवरील उष्णतावाहक लेप. हीं दोन्ही थोडक्या खर्चांत बदलतां येतात. खरें भय मेमरीचें. कारण ईथेरियमचा मुख्य भार तिच्यावरच पडे. आरटीएक्स ३०८० मध्यें ती ११० अंशांपर्यंत तापली, कीं कार्ड आपण होऊन वेग घटवितें.

म्हणून कार्ड चालू स्थितींतच पाहावें. अर्धा तास पूर्ण भार द्यावा. पडद्यावर ठिपके वा रेघा उमटतात काय, पंखा घरघरतो काय, उष्णतामान किती चढतें, हें पारखावें. पी१०६-१०० सारख्या, केवळ खाणीसाठीं केलेल्या कार्डाला पडदा जोडण्याची सोयच नसते, हेंही ध्यानांत असावें. विक्रेता चाचणीस नकार देईल, तर स्वस्ताईच्या मोहास बळी न पडणें हेंच शहाणपणाचें होय.