बोलायला शिकवणाऱ्यांचे गुरुजन

कोणत्याही नव्या शाखेच्या पहिल्या प्राध्यापकाकडे त्या शाखेची पदवी नसते. ती देण्याची सुरुवात त्यालाच करायची असते. स्पीच थेरपी आणि ऑडिओलॉजी या जुळ्या विषयांत हे फार ठळकपणे दिसतं. मूल अडीच वर्षांचं झालं तरी बोलत नाही, आजोबांना अर्धांगवायूनंतर शब्द सापडत नाहीत, आजीला हाक ऐकू जात नाही, अशा वेळी आपण ज्यांच्याकडे धाव घेतो, त्यांना विद्यापीठात शिकवणारी माणसं मुळात होती तरी कोण? कुणी वक्तृत्वाचे मास्तर होते, कुणी मानसशास्त्रज्ञ, कुणी टेलिफोनच्या प्रयोगशाळेतून आलेले, कुणी लष्करी इस्पितळातले अधिकारी, तर कुणी स्वतःच बोलताना अडखळणारे. प्रत्येकाने येताना काहीतरी बरोबर आणलं आणि त्यातलं बरंचसं अजून अभ्यासक्रमात आहे. त्यामुळे या विषयाचा शिक्षक पारखायचा तर त्याच्या नावापुढच्या पदव्या पुरत नाहीत. तो कुठून आला आणि आजही रुग्णासमोर बसतो का, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल आपल्याला टेलिफोनमुळे ठाऊक आहे, पण त्याचा पेशा शिक्षकाचा. आजोबा वक्तृत्व शिकवणारे. वडिलांनी तोंडातल्या अवयवांच्या हालचाली चिन्हांनी दाखवणारी ‘व्हिजिबल स्पीच’ नावाची लिपी तयार केलेली. आईला कमी ऐकू येई. बॉस्टनला येऊन तो कर्णबधिर मुलांना शिकवू लागला आणि १८७३ मध्ये बॉस्टन विद्यापीठाने त्याला कंठाचं शरीरशास्त्र आणि वक्तृत्व या विषयांचा प्राध्यापक नेमलं. टेलिफोन त्यानंतर तीन वर्षांनी आला. आज श्रवणचाचणीच्या कागदावर छापलेलं डेसिबल हे एकक त्याचंच नाव घेऊन आलेलं आहे.

पण बेलचा वारसा इतक्यावर संपत नाही. ज्या घरात उच्चार हाच पिढीजात व्यवसाय होता, त्या घरातला हा माणूस बहिऱ्या मुलांनी तोंडाने बोललंच पाहिजे या मताचा झाला आणि खुणांच्या भाषेला त्याने कसून विरोध केला. याच विचाराच्या शिक्षकांनी १८८० मध्ये मिलानच्या परिषदेत खुणांपेक्षा तोंडी पद्धत श्रेष्ठ असल्याचा ठराव केला. पुढे कितीतरी दशकं शाळांमधून मुलांचे हात आवरले गेले. कर्णबधिर समाजाच्या मनातला तो सल अजून गेलेला नाही. गुरूच्या पूर्वायुष्याची किंमत शिष्य कशी मोजतात, याचं याहून स्पष्ट उदाहरण मला माहीत नाही.

स्पीच थेरपी विद्यापीठात खऱ्या अर्थाने रुजली ती अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात, १९२० च्या दशकात. तिथे कार्ल सीशोर हे मानसशास्त्रज्ञ होते. संगीताची जाण मोजणाऱ्या चाचण्या त्यांनी तयार केल्या होत्या आणि श्रवण मोजण्याचं एक यंत्र तर १८९९ मध्येच बनवलं होतं. बोलण्याच्या विकारांवर काम करणारा माणूस मानसशास्त्र, पदार्थविज्ञान, वैद्यक आणि वाणी या चारही विषयांत मुरलेला हवा, असं त्यांचं मत. असा माणूस तयार मिळत नव्हता, म्हणून त्यांनी तो घडवला. त्याचं नाव ली एडवर्ड ट्रॅव्हिस. १९२४ मध्ये ट्रॅव्हिसना पीएच.डी. मिळाली आणि पुढच्या पिढीचे बरेच प्राध्यापक त्यांच्या हाताखाली शिकले. १९२५ मध्ये आयोवाशी संबंधित मंडळींच्या पुढाकाराने अमेरिकेत या क्षेत्राची व्यावसायिक संघटना उभी राहिली. तिच्या संस्थापकांत मानसशास्त्रज्ञ, कानाचे डॉक्टर, मनोविकारतज्ज्ञ आणि शाळांमध्ये उच्चार सुधारणारे शिक्षक होते.

ट्रॅव्हिस आणि मनोविकारतज्ज्ञ सॅम्युअल ऑर्टन यांचा कयास असा होता, की मेंदूच्या दोन अर्धगोलांपैकी एकाचं पुरेसं वर्चस्व नसलं की माणूस अडखळतो. मग उपाय काय? उजव्या हाताला प्लास्टर घालून डाव्या हाताने कामं करायला लावायची. वेंडेल जॉन्सन हा कॅन्ससमधल्या शेतकऱ्याचा मुलगा स्वतःच्या तोतरेपणावर उपचार मिळतील या आशेने १९२६ मध्ये आयोवाला आला आणि त्याच्याही उजव्या हाताला असं प्लास्टर चढलं. अडखळणं काही थांबलं नाही. जॉन्सन मात्र तिथेच राहिला, विद्यार्थ्याचा प्राध्यापक झाला आणि गुरूचा सिद्धांत त्याने मोडीत काढला. चार्ल्स व्हॅन रायपर हाही असाच, स्वतःच्या बोलण्याने हैराण होऊन आलेला. त्याने १९३६ मध्ये मिशिगन राज्यातल्या कॅलामझू इथे आपलं चिकित्सालय सुरू केलं.

या दोघांची पार्श्वभूमी एकच, आणि शिकवण मात्र वेगवेगळ्या वाटांनी गेली. व्हॅन रायपरने ओळखलं की अडखळणं पुरतं घालवण्याचा अट्टहास माणसाला आणखी जखडतो. शब्द अडला की क्षणभर थांबायचं, तो शब्द पुन्हा सैलपणे म्हणायचा, पुढे अडतानाच त्यातून अलगद बाहेर यायला शिकायचं, आणि सरतेशेवटी अडणार हे आधीच ओळखून तयारी ठेवायची. हा क्रम आजही जगभरच्या वर्गांत शिकवला जातो. अडखळणाऱ्या माणसाच्या मनातली भीती आणि लाज ही उपचाराचाच भाग आहे, हे त्याने अभ्यासक्रमात आणलं. मला वाटतं, ते बाहेरून बघणाऱ्याला सुचलं नसतं.

जॉन्सनचं तसं झालं नाही. लहान मूल बोलताना साहजिकच चुकतं, त्याला आईबाप ‘तोतरा’ म्हणतात आणि त्या शिक्क्यातूनच तोतरेपणा जन्माला येतो, असं त्याने मांडलं. हे तपासायला १९३९ मध्ये त्याच्या देखरेखीखाली एका विद्यार्थिनीने डॅव्हनपोर्टच्या अनाथालयातल्या २२ मुलांवर प्रयोग केला. त्यांतल्या काही चांगल्या बोलणाऱ्या मुलांना, तुमचं बोलणं बिघडलंय, असं पुन्हा पुन्हा सांगितलं गेलं. ती मुलं बोलायला बिचकू लागली. प्रयोग प्रसिद्ध झाला नाही. पुढे वर्तमानपत्रातून तो उघड झाला आणि २००१ मध्ये आयोवा विद्यापीठाने माफी मागितली. तोतरेपणाची मुळं मेंदूच्या जडणघडणीत आणि आनुवंशिकतेत आहेत, असं आजचं संशोधन सांगतं. पण मधल्या दशकांत किती आयांनी स्वतःला दोष देत रात्री काढल्या असतील. स्वतःच्या दुःखातून आलेलं ज्ञान मोठं असतं हे खरं, तरीही ते दुसऱ्याच्या मुलाला लावण्यापूर्वी परकं असल्यासारखं तपासून घ्यावं लागतं. या विषयाच्या प्रत्येक विद्यार्थ्याला जॉन्सनची ही दोन्ही रूपं सांगितली गेली पाहिजेत.

ऑडिओलॉजी युद्धातून आली. तोफांच्या आवाजाने कान गमावलेले अमेरिकन सैनिक दुसऱ्या महायुद्धात हजारोंनी परतू लागले, तेव्हा त्यांच्यासाठी लष्कराने खास केंद्रं उघडली. पेन्सिल्व्हेनियातल्या डेशॉन इस्पितळातल्या अशा केंद्रात रेमंड कारहार्ट होते. शिक्षणाने ते वाणी आणि मानसशास्त्र शिकलेले. शुद्ध सूर ऐकू आला म्हणजे माणसाला बोलणं समजतं असं नाही, हे त्यांना सैनिकांबरोबर काम करताना नीट कळलं आणि शब्द ऐकवून तपासण्याची पद्धत त्यांनी घट्ट पायावर उभी केली. युद्धानंतर ते नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात परतले आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी पुढे देशभर विभाग उभारले. कानाच्या आत नेमकं काय घडतं, हे दाखवणारे जॉर्ज फॉन बेकेशी हे पदार्थवैज्ञानिक. बुडापेस्टला टपाल खात्याच्या प्रयोगशाळेत टेलिफोनवर काम करताना ते कानाकडे वळले. १९६१ मध्ये त्यांना वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं.

गिळण्याच्या तक्रारींची गोष्ट त्यामानाने अलीकडची. नॉर्थवेस्टर्नच्याच जेरी लोगमन यांनी एक्स-रेच्या चित्रफितीवर घास कुठे अडतो ते बघण्याची पद्धत रूढ केली आणि १९८३ मध्ये त्यावर पाठ्यपुस्तक लिहिलं. त्याआधी शिकलेल्या प्राध्यापकांना हा विषय स्वतः नव्याने शिकून मग शिकवावा लागला. तंबाखूने तोंडाचा कर्करोग होणाऱ्या आपल्या भागात याची गरज केवढी, हे मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये शस्त्रक्रियेनंतर पुन्हा गिळायला आणि बोलायला शिकणाऱ्या रुग्णांकडे पाहिलं की समजतं.

अमेरिकेत आज या विभागांत ढोबळमानाने दोन वाटांनी आलेले शिक्षक असतात. एक पीएच.डी. करून संशोधनाकडे वळलेले. दुसरे बरीच वर्षं शाळेत, इस्पितळात किंवा स्वतःच्या क्लिनिकमध्ये काम करून शिकवायला आलेले. ऑडिओलॉजीत तर आता व्यवसायासाठीच एयू.डी. ही डॉक्टरेट लागते, स्पीचला मात्र पदव्युत्तर पदवी पुरते. स्पीचच्या विद्यार्थ्याला प्रमाणपत्रासाठी ४०० तासांचा क्लिनिकल अनुभव हवा असतो आणि त्याच्यावर देखरेख करणारी व्यक्ती स्वतः प्रमाणित होऊन निदान नऊ महिने काम केलेली असावी लागते. शिवाय देखरेख कशी करायची याचंही थोडं प्रशिक्षण तिला घ्यावं लागतं. ही अट २०२० मध्ये आली. उत्तम थेरपिस्ट हा आपोआप उत्तम शिक्षक होतो, हा समज इतकी वर्षं चालत आला होता.

आपल्याकडे हा विषय साठच्या दशकात आला. मुंबईत नायर रुग्णालयाच्या टोपीवाला वैद्यकीय महाविद्यालयात १९६६ मध्ये पदवी अभ्यासक्रम सुरू झाला. त्याच सुमारास म्हैसूरला अखिल भारतीय वाक्-श्रवण संस्था आकाराला आली. १९८३ मध्ये वांद्रे रेक्लमेशनला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था उघडली. महाराष्ट्राचे राज्यपाल असतानाच वारलेल्या अली यावर जंग यांचं नाव तिला दिलं आहे. सुरुवातीच्या शिक्षकांतले बरेचजण अमेरिकेत शिकून आलेले, त्यामुळे पुस्तकं, चाचण्या आणि उदाहरणंही तिकडचीच आली. त्यांनी हातात काही नसताना विभाग उभे केले, हे विसरता येणार नाही. तरी त्या उसनवारीचं ओझं पुढच्या दोन-तीन पिढ्यांना वाहावं लागलं.

इथल्या संस्थेत डोकावलं की सीशोर यांची चार विषयांची कल्पना अजून जिवंत दिसते. बारावी सायन्सनंतरच्या चार वर्षांच्या बीएएसएलपी या पदवी अभ्यासक्रमात शेवटचं वर्ष इंटर्नशिपचं. आधीच्या वर्षांत स्पीच आणि ऑडिओलॉजीच्या प्राध्यापकांबरोबर कान-नाक-घशाचे डॉक्टर, मानसशास्त्रज्ञ, भाषावैज्ञानिक आणि इलेक्ट्रॉनिक्सचे अभियंतेही शिकवतात. म्हैसूरच्या संस्थेत इलेक्ट्रॉनिक्सचा स्वतंत्र विभागच आहे. श्रवणयंत्र का शिटी मारतं, कॉक्लियर इम्प्लांट आवाजाचं विजेत रूपांतर कसं करतं, हे ज्याने सोल्डरिंग केलंय त्याच्याकडून शिकण्यात वेगळी मजा आहे. १९९२ च्या कायद्याने भारतीय पुनर्वास परिषदेला वैधानिक दर्जा मिळाला आणि शिक्षक असो की थेरपिस्ट, नोंदणी बंधनकारक झाली. त्याने कुणीही पाटी लावून बसण्याला निदान कायद्याने तरी आळा बसला.

मात्र एका बाबतीत कुठलाही नियम पुरा पडत नाही, आणि ती म्हणजे भाषा. वर्ग इंग्रजीत चालतो, समोर येणारं मूल मराठी बोलतं, आणि शिकवणारी व्यक्ती केरळची, कर्नाटकची किंवा बंगालची असू शकते. त्यात काहीच वावगं नाही. पण अकोल्याच्या मुलाने ‘डोळा’ला ‘डोया’ म्हटलं तर तो दोष की बोली? ‘पाणी’चं ‘पानी’ करणारं घर चुकीचं बोलत नाही, तशी त्यांची बोली आहे. उलट पुण्यातल्या, घरात सगळे ‘ळ’ म्हणतात अशा पाच-सहा वर्षांच्या मुलीने ‘डोया’ म्हटलं तर ते तपासावं लागेल. ‘चहा’तला च वेगळा आणि ‘चाका’तला वेगळा, आणि लिहिताना मात्र दोन्ही एकच. कागदावरची यादी वाचून चाचणी घेणाऱ्या विद्यार्थ्याला हे कुणी कानात घातलं नाही, तर तो निरोगी मुलाच्या नावावर उपचार लिहून मोकळा होईल. ऐकण्याची चाचणी घेतानाही तेच. शब्द ऐकवायचे तर ते त्या माणसाच्या रोजच्या वापरातले हवेत. विदर्भातल्या शेतकऱ्याला न समजलेला शब्द हा कानाचा दोष नव्हे.

म्हणून या विभागांत भाषावैज्ञानिकाची जागा रिकामी राहिली, की मला सर्वात जास्त काळजी वाटते. अभियंता नसेल तर यंत्राच्या कंपनीचा माणूस येऊन चार गोष्टी सांगून जातो. मराठीच्या बोली ऐकून ओळखणारा माणूस बाहेरून बोलावता येत नाही. ‘मुलाशी घरात फक्त इंग्रजी बोला’ हा सल्ला आजही कित्येक पालकांना मिळतो. दोन भाषांनी मुलाचं बोलणं लांबतं याला आधार नाही, आणि आजीशी तुटलेलं मूल बोलायचं तरी कुणाशी? हा सल्ला देणारा थेरपिस्ट ज्या वर्गात शिकला, त्या वर्गात हा प्रश्न कुणी उभा केला नव्हता, एवढाच त्याचा अर्थ.

दुसरी अडचण बढतीची. प्राध्यापकाची प्रगती छापलेल्या शोधनिबंधांवर मोजली जाते. सकाळी ओपीडीत बसून विद्यार्थ्याच्या शेजारी रुग्ण पाहण्याचे तास त्यात फारसे धरले जात नाहीत. मग जो उत्तम शिकवतो तो मागे राहतो, नाहीतर तोही ओपीडी कमी करतो. अर्धांगवायूनंतर ‘हो’ आणि ‘नाही’ यांची गल्लत करणाऱ्या माणसाशी किती वेळ गप्प राहायचं, आई रडायला लागली की चाचणी कधी थांबवायची, हे निबंधात येत नाही. शेजारी बसलेल्या शिक्षकाकडे बघूनच ते कळतं. संशोधन हवंच, मराठीसाठीच्या चाचण्या त्यातूनच येणार आहेत. पण मोजदादीत ओपीडीचे तासही शोधनिबंधांच्या बरोबरीने धरले गेले पाहिजेत, हे मी आग्रहाने मांडेन.

या जुलै-ऑगस्टात कुणाच्या घरी बीएएसएलपीच्या प्रवेशाची धावपळ असेल, तर फी आणि वसतिगृहाबरोबर आणखी काही गोष्टी जरूर विचाराव्यात. संस्थेची स्वतःची ओपीडी आहे का, तिथे रोज कुठल्या वयाचे आणि कुठल्या भाषा बोलणारे रुग्ण येतात? प्राध्यापक स्वतः आठवड्यातून किती सकाळी तिथे बसतात? भाषाविज्ञान आणि इलेक्ट्रॉनिक्स कोण शिकवतं, ते पूर्णवेळ आहेत की पाहुणे? पुनर्वास परिषदेची नोंदणी कुणाकुणाची चालू आहे? कार्यालयातल्या माणसाला उत्तर देता आलं नाही, तर सरळ ओपीडीच्या बाकावर तासभर बसावं आणि आतल्या खोलीत विद्यार्थ्याबरोबर कोणी शिक्षक आहे का, ते पाहावं.