हळदीच्या पेठेतली बँक

सांगली बँक 1916 साली, संस्थानी काळात सुरू झाली. सांगली ही हळद, गूळ, शेंगदाण्याची पेठ. माल हंगामात एकदम येतो, शेतकऱ्याला पैसे लगेच हवे असतात आणि व्यापाऱ्याचा माल मात्र भाव बघून सावकाश विकला जातो. मधल्या महिन्यांत कामाला येतं ते मालतारण कर्ज. त्याची तऱ्हा अशी: पोती गोदामात लागतात, दाराला बँकेचं कुलूप पडतं, ‘तारण माल’ अशी पाटी लागते. बाजारभावाच्या काही टक्केच रक्कम हातात मिळते. भाव पडला की बँक फरक भरायला सांगते. भरला नाही, तर माल विकून वसुली. बिल्ला हातात घेऊन बाकावर बसलेल्या पासबुकवाल्यांपेक्षा खरा धंदा या गोदामांत चालायचा.

1969 मध्ये 50 कोटींहून अधिक ठेवी असलेल्या 14 बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं. सांगली बँक त्यांत नव्हती, ती खासगीच राहिली. शेवटी एप्रिल 2007 मध्ये ती आयसीआयसीआय बँकेत विलीन झाली. सांगली बँकेच्या 925 शेअरना आयसीआयसीआयचे 100, असा हिशेब ठरला. कर्मचारी संघटनांचा विरोध होता. तो चालला नाही. मोठ्या बँकेला ग्रामीण आणि निमशहरी शाखांचं तयार जाळं मिळालं. सौदा कोणाच्या फायद्याचा, हे सांगलीकरांना वेगळं सांगायला नको.

शेजारच्या साताऱ्याची युनायटेड वेस्टर्न बँक त्याआधीच, 2006 मध्ये, आयडीबीआयकडे गेली होती.